घर लहान, अंगण कोणाचं?

महाडच्या उत्तरेला, मुंबई-गोवा महामार्गाला लागून गांधारपाले गाव आहे. गावामागच्या डोंगरात इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. पायऱ्या चढून आलेले लोक मोठ्या लेण्याचा व्हरांडा पाहतात, खांबांपाशी फोटो काढतात आणि उतरतात. मी म्हणेन, तिथल्या एखाद्या लहान खोलीत शिरून थोडा वेळ बसा. आत एका माणसापुरती जागा आहे. भिंतीलगत कातळातच कोरलेला ओटा, तीच बैठक आणि तेच अंथरूण. बाकी सामान ठेवायला जागा नाही, कारण सामान नव्हतंच. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहायचं असा नियम होता, आणि सह्याद्रीच्या या बाजूला पाऊस कसा पडतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या ओट्याची किंमत कळेल.

इथल्या एका शिलालेखात कानभोअ नावाच्या राजकुमाराचं दान नोंदलेलं आहे. त्यानं काय काय दिलं याची यादी मला फार बोलकी वाटते: लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी आणि लेण्याला जोडणारी वाट. दात्याला ठाऊक होतं की नुसत्या आठ खोल्या कोरल्या तर तिथे कोणी राहणार नाही. खोली एवढीशी असेल, तर बसायला-बोलायला मंडप लागतो, प्यायला पाणी लागतं, खाली गावात भिक्षेला उतरायला वाट लागते. आणि हे सगळं त्या आठही जणांचं लागतं.

लहान घरात वर्षभर राहायचं, आणि तेही एकट्यानं नाही तर तशाच लहान घरांच्या वस्तीत, ही इच्छा आज अनेकांच्या मनात आहे. निवृत्तीला आलेली जोडपी विचारतात, शहरातल्या हप्त्यांना विटलेले तरुण विचारतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न घराबद्दल असतो: किती चौरस फूट, कशाचं बांधायचं, खर्च किती. या प्रकरणात मी तो प्रश्न मागे ठेवणार आहे. लहान घरात माणूस झोपतो आणि पावसापासून वाचतो, बाकीचं जगणं घराबाहेर होतं. म्हणून घराबाहेरची जागा, पाणी आणि वाट यांवर आपला हक्क आहे की नाही, यावरच ते घर राहण्याजोगं ठरतं. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत ही गोष्ट जितकी स्पष्ट दिसते तितकी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आधी मापांचं एकदा आटपून टाकू. अमेरिकेत २०१८ च्या निवासी बांधकाम संहितेत अतिलहान घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. चारशे चौरस फूट किंवा त्याहून कमी जागेचं घर ते अतिलहान, अशी त्यातली व्याख्या आहे. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ, स्वयंपाकाच्या जागेसकट, २५ चौरस मीटर म्हणजे साधारण २६९ चौरस फूट आहे. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. महाड-पोलादपूरचे चाकरमानी गिरण्यांच्या काळात गावकीच्या खोलीत राहायचे. दहा बाय दहाची ती खोली, एक पाळी कामाला गेली की दुसरी झोपायला यायची, ट्रंका भिंतीशी एकावर एक रचलेल्या. तेव्हा लहान घरात राहणं कसं जमेल, हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही.

अमेरिकेतल्या एका वस्तीचा उल्लेख मात्र करायला हवा. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया शहरात २०१३ च्या अखेरीस क्विक्सोट व्हिलेज ही वस्ती उभी राहिली. आधी तंबूत राहणाऱ्या बेघर माणसांची ती वस्ती. घरं तीस, प्रत्येक घर १४४ चौरस फुटांचं. स्वयंपाकघर, न्हाणीघरं, कपडे धुण्याची सोय आणि एकत्र बसण्याची जागा एका सामाईक इमारतीत. गांधारपाल्याचाच हा आराखडा: खोल्या लहान, मंडप मोठा. त्या देशात चाकांवरची लहान घरं घेऊन फिरणारे पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांची अडचण घराची नसते. घर उभं करायला कायदेशीर जागा मिळत नाही, आणि जिथे मिळते तिथल्या कित्येक जागा हिवाळ्यात बंद होतात, नळ गोठतात. बारमाही राहता येईल अशी जागा शोधणं हेच खरं काम होऊन बसतं.

आपल्याकडे कसोटी थंडीची नाही. इथे दोन कसोट्या आहेत, एक आषाढाची आणि दुसरी वैशाखाची.

या मुलखातलं मूळचं लहान घर म्हणजे कुडाचं घर. जमिनीत मेढी रोवायच्या, कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्यांना आडव्या काठ्यांनी आवळायचं, वर शेण-मातीचा गिलावा. आढ्यावर पेंढा किंवा कौलं. आगोटीला, म्हणजे मृगाच्या आधी, छप्पर शाकारून घ्यायचं, लाकडं आणि गोवऱ्या आत घ्यायच्या, पावसाच्या तोंडाला असलेल्या भिंतींना गवताचे आडोसे बांधायचे. तिरप्या पावसानं कुडाचा गिलावा धुऊन जातो, म्हणून तो आडोसा महत्त्वाचा. पावसाळा संपला की आडोसा काढायचा, कूड पुन्हा सारवायचा. अशा घराला बाहेरून विकत आणायला फारसं काही लागत नाही, पण कारवी, गवत, माती आणि मदतीला येणारे शेजाऱ्यांचे हात लागतात. डोंगरावर जाऊन कारवी तोडायची मुभा गेली, की हे स्वस्त घर महाग होतं.

अशा घरांची वस्ती अजूनही आहे, ती कातकऱ्यांची वाडी. खैराच्या लाकडापासून कात काढणारी ही जमात. महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी ती एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. रायगड जिल्ह्यात गावापासून जरा दूर, ओढ्याच्या कडेला किंवा माळावर, दहा-वीस घरांची वाडी दिसते. घरं लहान, अंगणं सारवलेली, आणि संध्याकाळी सगळी वाडी अंगणातच असते. लहान घरांची वस्ती शोधणाऱ्याला हे चित्र आवडेल.

दिवाळीनंतर पुन्हा गेलात तर तीच वाडी ओस पडलेली असते. म्हातारीकोतारी आणि चार कोंबड्या. बाकी सगळे ठेकेदाराची उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेले, पोरंबाळं सोबत, शाळा मागे. भट्टीच्या कडेला कच्च्या विटांचं नाहीतर गवताचं खोपट, आणि पावसाच्या तोंडावर परत वाडीला. म्हणजे ज्यांना लहान घरात राहण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्यांनाच बारमाही राहता येत नाही. याचं कारण घराच्या भिंतींत शोधून सापडणार नाही. ज्या जमिनीवर वाडी उभी आहे ती पुष्कळदा दुसऱ्याच्या सातबारावर असते, किंवा वनखात्याची. घर त्यांचं, घराखालची जमीन त्यांची नाही. पूर्वी जमीनमालकाला शेतावर हाताशी मजूर हवे असत, म्हणून त्यानं राहू दिलं. आता मुंबई-पुण्याकडून भाव आले, फार्महाऊसची कुंपणं आली आणि ‘वाडी हलवा’ असा निरोप येऊ लागला. पिढ्यांच्या वाडीला गावठाणाचा दर्जा मिळावा यासाठी रायगडमध्ये दीर्घकाळ लढे झाले आहेत आणि चालू आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं वनजमिनीवरच्या राहत्या घराचा हक्क मान्य केला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत आदिम जमातींच्या घराला दोन लाख रुपयांचं साहाय्य आहे. पण घराचे पैसे मंजूर होतात आणि कागदावर जागाच नसते, तेव्हा ती मंजुरी हातात घेऊन माणूस कुठे बांधणार? मला हा अन्याय साऱ्या घरबांधणीच्या चर्चेचा गाभा वाटतो.

आता पाण्याकडे येऊ, आणि महाडमध्ये पाण्याकडे यायचं तर चवदार तळ्यावरच यावं लागतं.

शहराच्या मधोमध हे तळं आहे, चहूबाजूंनी घरं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं ठराव करून तळं खुलं केलं. कागदावर झालं, काठावर झालं नाही. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला जमलेल्या हजारो माणसांना पिण्याचं पाणी हवं होतं, आणि पाण्यानं भरलेलं तळं जवळ असताना सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मिरवणुकीनं तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, त्यांच्यामागून लोक प्यायले. त्यानंतर गावात मारहाण झाली, आणि मग १०८ घागरी शेण-गोमूत्र वगैरे ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर जागा कोणी देईना. ती फत्तेखान यांनी दिली, आणि २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा दहा वर्षं चालला. तळं आमच्या खाजगी मालकीचं, अस्पृश्यांनी तिथे न येण्याची पूर्वापार वहिवाट आहे, असं वादी सवर्णांचं म्हणणं. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं ते फेटाळलं.

हा इतिहास आपण समतेचा म्हणून वाचतो आणि तो तसाच वाचला पाहिजे. घरांचा विचार करणाऱ्यानं त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. तळ्याकाठी ज्यांची घरं होती त्यांच्या घराला तळं जोडलेलं होतं: धुणं, पाणी, संध्याकाळचा वारा, चार माणसांशी बोलणं. गावकुसाबाहेरच्या घरातल्या माणसाचं घर त्याच्या भिंतींपाशी संपत होतं. दोन्ही घरं सारख्याच मापाची असती तरी फरक तोच राहिला असता. वस्तीत कोण आहे आणि कोण नुसता वस्तीशेजारी आहे, ते पाणवठ्यावर ठरतं. हे अजूनही काही वाड्यांत खरं आहे, म्हणून नवी वस्ती शोधताना तिथली विहीर किती खोल आहे एवढंच विचारून भागत नाही. तिच्यावर कोण कोण पाणी भरतं ते स्वतः पाहावं. जिथे एखाद्या घराला वेगळी विहीर दाखवली जाते, तिथे बिऱ्हाड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याची दुसरी बाजू निसर्गाची आहे. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि डोंगरावर त्याहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मेमध्ये पोलादपूरच्या वाड्यांवर टँकर जातो. डोंगर उभे, मातीचा थर पातळ, खाली काळा कातळ. पडलेलं पाणी सावित्री, गांधारी, काळ या नद्यांतून बघता बघता बाणकोटच्या खाडीला जातं. गांधारपाल्याच्या कोरणाऱ्यांनी कातळातच टाकी खोदली ती यासाठी. लहान घराचं छप्परही लहान, पण तीनशे चौरस फुटांच्या छपरावर, म्हणजे साधारण अठ्ठावीस चौरस मीटरवर, तीन हजार मिलिमीटर पावसानं चौऱ्याऐंशी हजार लिटर पाणी पडतं. अडचण ते साठवण्याची आहे. एका घराला एवढी टाकी परवडत नाही. दहा घरांनी मिळून एक बांधली तर परवडते. बारमाही वाडी आणि पावसाळी वाडी यांत फरक पाडणारी ही पहिली सामाईक वस्तू.

यानंतर पायाखालची जमीन. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरवर चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस झाला. सावित्रीचा उगम तिथलाच. महाड शहर पाण्याखाली गेलं, आणि त्याच दिवशी दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी इथेही त्याच पावसात दरडी कोसळल्या. त्याआधी सोळा वर्षं, २००५ च्या जुलैत, जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर हेच संकट आलं होतं. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला येताना बाबासाहेब बोटीनं ज्या दासगाव बंदरात उतरले, तेच हे दासगाव. तिथल्या दरडग्रस्त कुटुंबांनी नंतर वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली.

तळीयेतल्या वाचलेल्या कुटुंबांना राहायला कंटेनर मिळाले. म्हाडाकडून पक्की घरं बांधून घेण्याचा निर्णय झाला, पण ती हाती येईपर्यंत पावसाळे त्या पत्र्यात गेले आणि उन्हाळेही. परदेशी मासिकांत कंटेनरचं घर फार देखणं दिसतं. महाडच्या एप्रिलमध्ये दुपारी त्या पत्र्याला हात लावून पाहावा. कुडाची भिंत श्वास घेते, पत्रा तापतो आणि रात्रीपर्यंत निवत नाही. उन्हाहूनही अवघड गोष्ट वेगळीच होती. कंटेनरला ओटी नाही, पडवी नाही, गोठा नाही. भात कुठे ठेवायचं, लाकडं कुठे रचायची, आलेल्या माणसाला कुठे बसवायचं? शेतकऱ्याच्या घराचा निम्मा भाग छपराबाहेर असतो, आणि तोच या व्यवस्थेत विसरला गेला.

पुणे जिल्ह्यातल्या माळीणचं पुनर्वसन जास्त विचारानं झालं. ३० जुलै २०१४ ला तिथे दरडीखाली १५१ माणसं गाडली गेली, आणि एप्रिल २०१७ मध्ये आमडे इथे ६७ घरांची वसाहत गावकऱ्यांच्या हाती आली. घरं सुमारे ४९० चौरस फुटांची, सोबत शाळा, समाजमंदिर, जनावरांसाठी गोठा. वस्तीला काय लागतं याचा विचार तिथे झाला, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. तरीही पहिल्याच पावसात वसाहतीतले काही रस्ते आणि भराव खचले. उतार कापून सपाट केलेली जमीन बसायला काही पावसाळे घेते, आणि सह्याद्री कोणाच्या उद्घाटनाच्या तारखेसाठी थांबत नाही.

म्हणून डोंगरउतारावरची जागा पाहताना घराच्या वरच्या अंगाला चढून जायचं. जमिनीला नवी भेग आहे का, झाडं एका बाजूला कललेली आहेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होतं का, जुन्या घरांची दारं चौकटीत अडकू लागली आहेत का, हे वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं. त्यांना माहीत असतं. मुरमाड मातीचा थर पाण्यानं फुगतो आणि खालच्या कातळावरून घसरतो, ही दरडीची साधी रीत आहे. वर डोंगर खोदून रस्ता काढलेला असेल किंवा झाडं तोडलेली असतील, तर जागा कितीही सुंदर असो, परत फिरायचं.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, तरी टाळता येत नाही. शेतजमीन घ्यायची तर शेतकरी असण्याची अट १९४८ च्या कूळकायद्यात आहे. दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणारे पुष्कळ भेटतात, पण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचे नियम अलीकडे बदलत आहेत, तेव्हा ज्या दिवशी व्यवहार कराल त्या दिवशी काय लागू आहे ते तलाठी आणि वकील दोघांकडून पक्कं करून घ्यावं. गावठाणातलं जुनं घर विकत किंवा भाड्यानं घेणं हा मला सर्वांत सरळ मार्ग दिसतो. पोलादपूरच्या वाड्यांत बंद घरं खूप आहेत. मालक मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला दार उघडतं, एरवी कुलूप. उमरठसारख्या, तानाजी मालुसऱ्यांच्या नावानं महाराष्ट्रभर ओळखल्या जाणाऱ्या गावाच्या पंचक्रोशीतही हीच स्थिती. डोंगराखालच्या नव्या ‘टाइनी होम’ प्लॉटपेक्षा अशा वाडीतलं दोन खोल्यांचं घर चांगलं, कारण तिथे वाट, विहीर, देऊळ, स्मशान आणि भांडणं मिटवणारी गावकी आधीपासून आहे. तुमच्या येण्यानं एक चूल वाढते, आणि पटसंख्येअभावी शाळा बंद पडण्याच्या बेतात असेल तर एक पोर वाढणं हीसुद्धा मोठी गोष्ट असते.

वाडी पाहायला गणपतीत जाऊ नका, तेव्हा प्रत्येक घरात दिवा असतो. जुलैच्या झडीत जा आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात जा. जुलैत पाहायचं की रस्ता तुटला तर आजाऱ्याला खाली कसं नेतात, वीज गेली की किती दिवसांनी येते. मेमध्ये संध्याकाळी किती चुली पेटतात ते मोजायचं, आणि सकाळी विहिरीवर जायचं. पुष्कळ वाड्यांत शिमग्यानंतर विहिरीचा गाळ काढायला घरटी एक माणूस द्यायचा असतो. घर घेण्याआधीच त्या दिवशी फावडं घेऊन गेलात, तर वाडीतल्या घरांची खरी माहिती, कोणतं रिकामं आहे, कोणत्याचा वाद आहे, कोणत्याच्या मागे पाणी झिरपतं, ती तिथेच घमेलं पुढे करता करता मिळते.